‘माझ्याकडे तर चालतंय’: पिग्मीच्या बिल्डच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

पिग्मीचा कोड आज हातात आला. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं रोजच्या वसुलीचं सॉफ्टवेअर. एजंट दिवसभर दुकानं फिरतात, संध्याकाळी यंत्रातला डेटा उतरवतात, पावत्या छापतात. २०१७ साली एका सरांनी एकहाती लिहिलंय, जावा ८ वर, मेव्हननं बांधलेलं. मेव्हन म्हणजे लागणारे तयार तुकडे आणून कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बांधून देणारं साधन; या बांधणीलाच आम्ही बिल्ड म्हणतो. आता सर्व्हर नवा, त्यावर उबुंटू २४.०४ (म्हणजे लिनक्स), आणि ऑडिटरच्या शेऱ्यामुळे जावा १७. मॅनेजरसाहेबांशी बोलणं झालंय ते एवढंच की आहे ते नव्या यंत्रावर चालतं करायचं, बाकी काही नाही. मी दोन दिवस सांगून बसले आहे.

कोडची प्रत घेतली, म्हणजे क्लोन केलं, ‘एमव्हीएन क्लीन पॅकेज’ हा बिल्डचा आदेश मारला आणि चहा सांगायला उठले. परत येऊन बसायच्या आत स्क्रीन लाल.

पहिली एरर तर कोड वाचण्याआधीचीच. पासबुक प्रिंटरचा जार (तयार जावा कोडचा गठ्ठा) ‘सिस्टिम’ स्कोपनं, म्हणजे तो याच यंत्रावर आहे असं सांगून, जोडलाय आणि त्याचा पत्ता दिलाय डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरचा. लिनक्सच्या लेखी ‘डी कोलन’नं सुरू होणारा पत्ता पूर्ण पत्ताच नाही, म्हणून मेव्हननं पॉम, म्हणजे कुठले जार लागतात त्याची प्रकल्पाची यादी, वाचायलाच नकार दिला. सध्या त्या ओळी कॉमेंट केल्या.

मग दुसरी. अमुक जार ‘मेव्हन-डिफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर’ कडून आणता आला नाही, पत्ता ०.०.०.०. हे नाव पॉममध्ये शोधत बसले, सापडेना. सापडणार कसं, ते मेव्हनचं स्वतःचं आहे. २०२१ मध्ये आलेल्या ३.८.१ पासून मेव्हन साध्या, म्हणजे सुरक्षित नसलेल्या, एचटीटीपीवरच्या बाहेरच्या रिपॉझिटरीशी (जारांच्या कोठाराशी) बोलतच नाही. अशा सगळ्या पत्त्यांच्या आड तो हा खोटा आरसा उभा करतो. वाटेत कुणी जार बदलून दिला तर कळणार नाही, हे त्यामागचं कारण. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२१-२६२९१ या क्रमांकाखाली ते नोंदलंय. सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्याच नावाचा दुसरा आरसा लिहून हा अडथळा उठवता येतो, पण पतसंस्थेच्या पैशांचं सॉफ्टवेअर आहे, तो मार्ग नको.

पॉममध्ये चार रिपॉझिटरी निघाल्या. एक मेव्हन सेंट्रल या मुख्य सार्वजनिक कोठाराचीच, पण एचटीटीपीची. सेंट्रलनं १५ जानेवारी २०२० पासून एचटीटीपी बंद केलंय, तिथे ५०१ हा नकार मिळतो. दुसरी जावा डॉट नेटची जुनी, बंद पडलेली. तिसरी जेसेंटर. ती २०२१ मध्ये गोठवली गेली आणि ऑगस्ट २०२४ पासून तिथली मागणी सेंट्रलकडेच वळते. चौथी जास्पर रिपोर्ट्स या छापील अहवाल बनवणाऱ्या लायब्ररीची, तीही एचटीटीपीवर. चारही काढल्या. सेंट्रल लिहावी लागत नाही, ती मेव्हनच्या मूळ पॉममध्येच एचटीटीपीएसनं आहे.

घरी जाताना वाटलं, उद्या दुपारपर्यंत होईल.

३ जून, मंगळवार

रिपॉझिटरी काढल्यावर आता खरी यादी दिसली. मेव्हनचा हा संदेश लोक शेवटून वाचतात आणि तिथेच फसतात. शेवटी लिहिलेलं असतं ‘अमुक जार सेंट्रलमध्ये सापडला नाही’, आणि वाटतं की एकच हरवलाय. पण त्याच लांबलचक ओळीच्या सुरुवातीला न मिळालेल्या सगळ्यांची नावं ओळीनं असतात. शेवटी फक्त पहिल्याचं कारण. आमच्याकडे चार निघाले:

ओजेडीबीसी६, ओरॅकलच्या डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर. आयटेक्स्ट २.१.७.जेएस६. पिग्मी-कॉमन १.३-स्नॅपशॉट. पावती-फॉन्ट १.०.

पहिल्याचं कोडं सोपं. ओरॅकलनं आपले ड्रायव्हर सेंट्रलवर ठेवायला २०१९ मध्ये सुरुवात केली. त्याआधी प्रत्येकजण जार उतरवून ‘इन्स्टॉल-फाइल’नं स्वतःच्या यंत्रावर बसवायचा. बसतो तो मेव्हनच्या त्या यंत्रावरच्या साठ्यात, ‘.एमटू’ फोल्डरमध्ये, आणि त्यानंतर त्या यंत्रावर बिल्ड मुकाट चालतं. बाकी कुठल्याही यंत्रावर नाही.

दुसरा जरा मजेशीर. आयटेक्स्ट हे ब्रुनो लोवाजी यांनी सुरू केलेलं पीडीएफचं लायब्ररी. २००९ च्या शेवटी पाचव्या आवृत्तीपासून त्याचं लायसन्स एजीपीएल, म्हणजे वापरणाऱ्यावर जास्त अटी घालणारं, झालं. जास्पर मागच्याच २.१.७ ला चिकटून राहिलं आणि त्यात स्वतःच्या दुरुस्त्या करत गेलं, म्हणून मागे ‘जेएस’ची शेपटी. ही शेपटीवाली आवृत्ती सेंट्रलवर नव्हे, जास्परच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत मिळायची, जिचा पत्ता मी कालच ऐटीत काढून टाकला. सोबतचा ज्युनिअर म्हणाला, ‘ताई, साधं २.१.७ सेंट्रलवर आहे, तेच लावूया ना.’ लावता येतं, बरेचजण लावतातही. पण त्या शेपटीत काय दुरुस्त केलंय ते आपण वाचलेलं नाही, आणि हे पावत्या छापणारं लायब्ररी आहे. नको म्हटलं.

चौथ्यासाठी कोडभर शोधलं. पावती-फॉन्टमधला एकही क्लास (कोडचा तुकडा) कुठे इम्पोर्ट केलेला, म्हणजे वापरायला बोलावलेला, नाही. वापरच नाही तर हवा कशाला? पॉममधून काढला.

तिसरा म्हणजे सरांचा स्वतःचा. त्याचा सोर्स रिपॉझिटरीत नाही. फोन केला.

‘सर, पिग्मी-कॉमन कुठे मिळेल?’

‘अगं, ते माझ्या लॅपटॉपवर होतं.’

‘होतं म्हणजे?’

‘तो लॅपटॉप गेला ना मागच्या दिवाळीत. मदरबोर्डच गेला. पण बिल्ड तर नेहमी व्हायचं की. कधी तक्रार नाही.’

नेहमी व्हायचं, कारण त्या लॅपटॉपच्या ‘.एमटू’मध्ये इतक्या वर्षांचं सामान साठलेलं होतं. वाण्याच्या यादीत मीठ कुणी लिहीत नाही, ते घरात असतंच. नवं घर मांडलं की पहिल्या आमटीला आठवतं.

सर म्हणाले एखाद्या पेन ड्राइव्हवर असेल, बघतो. बघतील.

४ जून, बुधवार

आजचा दिवस कामी आला. लॅपटॉप गेला तरी चालू सॉफ्टवेअर जिवंत आहे. पतसंस्थेच्या जुन्या विंडोज सर्व्हरवर टॉमकॅटमध्ये (जावाची वेब सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) वॉर फाइल, म्हणजे बांधून तयार झालेलं सॉफ्टवेअर, पडलेली आहे, आणि वॉर म्हणजे शेवटी झिप. सकाळच्या एसटीनं जाऊन ती उतरवून आणली. उघडल्यावर ‘वेब-इन्फ’च्या ‘लिब’मध्ये ६१ जार. सरांच्या लॅपटॉपनं शेवटच्या बिल्डला जे जे वापरलं ते सगळं, नेमक्या आवृत्त्यांसह.

जाराच्या नावावर विश्वास ठेवू नये, लोक नावं बदलतात. मेव्हननं बांधलेल्या जारात ‘मेटा-इन्फ’खाली त्याचं स्वतःचं पॉम आणि एक छोटी प्रॉपर्टीज फाइल असते. तीत ग्रुप, नाव आणि आवृत्ती अशा तीन ओळी. ज्युनिअरला एक शेल स्क्रिप्ट लिहायला सांगितली. ६१ पैकी ४९ जारांनी आपली ओळख स्वतःच सांगितली. उरलेल्या बारांचा एसएचए-१, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा हॅश, काढून सेंट्रलच्या शोधात टाकला. हॅश जुळला तर जार तोच, नावाचा प्रश्नच उरत नाही. आणखी नऊ सुटले. राहिले तीन. आपलं नाव सांगणारा पण सेंट्रलवर नसलेला पिग्मी-कॉमन धरला की हे तेच कालचे चार. म्हणजे बाकी सगळं जगाकडे आहे आणि हे चारच या वॉरपुरते उरलेत. असं इतकं नेमकं जुळलं की बरं वाटतं.

पिग्मी-कॉमनच्या जारात त्याचं पॉमही निघालं. ते वेगळं ठेवलं.

एक उणीव लक्षात ठेवायची: वॉरमध्ये टेस्टचे जार नसतात, ‘प्रोव्हायडेड’ (सर्व्हरनंच पुरवायच्या) स्कोपचे नसतात आणि ‘सिस्टिम’ स्कोपचेही नसतात. मग पासबुक प्रिंटरचा जार तिथे चालत कसा होता? हा प्रश्न पानाच्या कडेला लिहून ठेवलाय.

५ जून, गुरुवार

ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर नेक्सस बसवलं. आमची तिघांची कंपनी, पण स्वतःची रिपॉझिटरी हवीच असं आता वाटायला लागलंय. जार प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच टाकून गिटमध्ये चढवायचाही पर्याय होता. पुढच्या प्रकल्पाला पुन्हा हेच करावं लागलं असतं.

ओजेडीबीसी६ आणि आयटेक्स्ट चढवले. ड्रायव्हर नवा घ्यायचा मोह होता, पण डेटाबेस जुनाच राहणार आहे. ड्रायव्हर बदलणं हे वेगळं काम, ते या बिलात नाही. पिग्मी-कॉमन चढवताना ‘स्नॅपशॉट’ काढून १.३.० केलं. ज्याचा सोर्स कुणाकडे नाही त्याला ‘अजून बदलतंय’ कशाला म्हणायचं?

आता गंमत. चढवण्याआधी घाईत एकदा बिल्ड मारलं होतं, ते पडलं. जार चढवला, ब्राउझरमध्ये दिसतोय, पुन्हा बिल्ड मारलं, पुन्हा ‘सापडला नाही’. तिसऱ्यांदाही तेच. पासवर्ड तपासला, पत्ता तपासला, नेक्सस बंद करून चालू केलं. अर्धा तास गेला.

शेवटी संदेश पूर्ण वाचला. त्यात सरळ लिहिलंय की मागच्या प्रयत्नात हा जार मिळाला नव्हता, ते अपयश लोकल रिपॉझिटरीत नोंदवलंय आणि ठरलेला कालावधी संपेपर्यंत पुन्हा विचारणार नाही. म्हणजे मेव्हन नेक्ससला विचारतच नव्हता. ‘.एमटू’मध्ये त्या जाराच्या फोल्डरात ‘लास्टअपडेटेड’ शेपटीची एक बारकी फाइल असते, ती पाहून आपला आपणच नाही म्हणत होता. हा कालावधी मुळात एक दिवसाचा. आदेशाला ‘वजा यू’ जोडलं की तो पुन्हा विचारतो. जोडलं, आणि सुटलं.

मी ही एरर याआधी किमान पाच वेळा पाहिलेली आहे. दर वेळी आधी पासवर्डच तपासते.

६ जून, शुक्रवार

जार सगळे मिळाले आणि कंपायलरपर्यंत गाडी आली. लगेच लॉमबॉकनं, नेहमीचा कोड आपोआप भरणाऱ्या लायब्ररीनं, मान टाकली. २०१७ ची आवृत्ती जावा १७ च्या कंपायलरच्या आतल्या भागांना हात घालायला जाते आणि जावा आता तो हात धरतं. १.१८.३० लावलं, गप्प झालं.

मग: १०० एरर.

बहुतेक ‘पॅकेज जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड अस्तित्वात नाही’. हे जॅक्सबी, एक्सएमएल आणि जावा यांच्यात डेटाची ने-आण करणारं. जावा ६ पासून ते जावाच्या पोटातच होतं, २०१७ च्या जावा ९ मध्ये काढण्यासाठी खुणावलं गेलं आणि सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये काढलं. पॉममध्ये ते कधी लिहावंच लागलं नव्हतं. मिठाचीच गोष्ट.

ज्युनिअरनं उत्साहानं सेंट्रलवरची सगळ्यात नवी आवृत्ती लावली. तरी १०० एरर, शब्दशः त्याच. तो बुचकळ्यात पडला: ‘ताई, जार तर आलाय, मग पॅकेज कसं नाही?’ जावा ईई (जावाचा सर्व्हरसाठीचा संच) ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, त्याचं नाव जकार्ता ईई झालं, आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली. नव्या जारात वस्तू तीच आहे, आडनाव बदललंय. त्यातही एक मेख आहे: २.३.३ या आवृत्तीचा ग्रुप ‘जकार्ता’ लिहिलेला, पण आतली पॅकेजं अजून ‘जावाएक्स’. तेव्हा पॉममधलं नाव पाहून ठरवायचं नाही, जार उघडून पाहायचं. आम्ही जुन्या ग्रुपचं २.३.१ घेतलं.

बिल्ड मारलं. १०० एरर.

या वेळी मीही गप्प झाले. बारकाईनं पाहिलं तर एरर वेगळ्या होत्या, आकडा तेवढा तोच. इतका गोल आकडा दोनदा येतो तेव्हा तो मोजलेला नसतो, तोडलेला असतो. जावाचा कंपायलर पहिल्या १०० एरर छापून थांबतो. ‘एक्समॅक्सएर्स’ ही खूण आणि १०००, दोन वेगळ्या ओळींत कंपायलर प्लगिनला दिले तेव्हा खरा आकडा कळला: ३१८. याआधीचा किती होता ते आता कळायचं नाही, पण आपण पुढे जातोय एवढं कळलं, आणि संध्याकाळी तेवढंच हवं होतं.

३१८ मधल्या बऱ्याच ‘पोस्टकन्स्ट्रक्ट’च्या. तेही जावा ११ मध्येच गेलेलं, त्याचा वेगळा छोटा जार आहे, १.३.२. लावला, ८७ वर आलो.

उद्या बकरी ईद, परवा रविवार. दोन दिवस सांगितले होते त्याचे पाच झाले. मॅनेजरसाहेबांचा फोन: ‘मॅडम, सोमवारी देताय ना?’ सोमवारी बोलते म्हटलं.

९ जून, सोमवार

८७ पैकी बऱ्याच ‘सन.मिस्क.बेस६४एन्कोडर’च्या. बेस६४ म्हणजे चित्रासारखा डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. हे जावाच्या आतल्या खोलीतलं, बाहेरच्यांनी वापरायचं नव्हतंच, पण २०१७ पर्यंत सगळेच वापरायचे. जावा ९ मध्ये गेलं. इथे कुठला जार आणायचा नाही, कोडच बदलायचा. जावा ८ पासून ‘जावा.युटिल’मध्ये बेस६४ आहे. २२ ठिकाणी बदललं. ‘कोडला हात लावणार नाही’ हे वचन इथे मोडलं.

त्यानंतर एक निराळीच: ‘लोकलडेटपर्यंत पोचता येत नाही, ऑर्ग.जोडा.टाइम.लोकलडेटची क्लास फाइल सापडली नाही.’ आमच्या कोडात जोडा या तारखांच्या लायब्ररीचं नावसुद्धा नाही! ‘पॅकेज अस्तित्वात नाही’ आणि ही, दोन्ही ऐकायला सारख्या, पण पहिलीत दोष आपल्या इम्पोर्टचा असतो. दुसरीत आपण ज्याला हाक मारली त्याच्या ओळखीचा कुणीतरी गायब असतो. पिग्मी-कॉमनमधली व्याजाची पद्धत जोडाची तारीख परत देते, म्हणून कंपायलरला ती लागते.

चूक माझीच. गुरुवारी पिग्मी-कॉमन चढवताना त्याचं पॉम सोबत दिलं नाही. न दिलं तर त्याच्या जागी एक रिकामं पॉम बनू शकतं, ज्यात त्या जाराला काय काय लागतं याचा पत्ताच नसतो. पॉम तर मी काढून वेगळं ठेवलं होतं! १.३.१ म्हणून पॉमसकट पुन्हा चढवलं, जोडा-टाइम आपोआप मागोमाग आला.

एकही एरर नाही. दुपारचे सव्वातीन. भेळ मागवली.

भेळ खाता खाता पॉम साफ करायला घेतलं, ही दुसरी चूक. व्हेलॉसिटी १.७ दिसलं. एसएमएसचे साचे त्यात होते, पण ते काम दोन वर्षांपूर्वी काढून टाकलंय. व्हेलॉसिटीचा एकही इम्पोर्ट नाही. काढलं. ३४ फाइली लाल: ‘ऑर्ग.अपाची.कॉमन्स.लँग अस्तित्वात नाही.’ व्हेलॉसिटीच्या मागोमाग कॉमन्स-लँग २.४ येत होतं आणि सरांचा कोड त्यातलं स्ट्रिंगयुटिल्स वर्षानुवर्षं खुशाल वापरत होता. पाहुण्यानं आणलेल्या डब्यावर घर चाललेलं, पाहुणा गेला तसा डबाही गेला.

‘डिपेंडन्सी-अॅनलाइझ’ चालवलं. त्यात ‘वापरलेले पण न लिहिलेले’ असा एक भाग येतो, आमच्याकडे त्यात ११ नावं. अकराही पॉममध्ये आपापल्या नावानं लिहिली. कॉमन्स-लँगचं २.६ घेतलं. तिसरी पिढी घ्यायची तर पॅकेजचं नावच वेगळं, ३४ फाइली बदलाव्या लागल्या असत्या. त्याच अहवालात ‘लिहिलेले पण न वापरलेले’ असाही भाग असतो. त्याच्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. तो क्लास फाइली पाहतो. जे नुसत्या नावानं, चालू असताना उचललं जातं, उदाहरणार्थ डेटाबेसचा ड्रायव्हर, ते त्याला दिसत नाही. ओजेडीबीसी६ त्याच्या मते बिनकामाचा आहे.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. अर्धा दिवस. वॉर तयार करून नव्या सर्व्हरवर टाकली, टॉमकॅट ९ वरच. दहाव्यापासून तिथेही ‘जकार्ता’. चालू झालं, लॉगिन दिसलं. पुढे पाहिलं नाही.

११ जून, बुधवार

कंपाइल झालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही, हे आज तीनदा कळलं.

पहिलं: एजंटचा डेटा उतरवताना ‘जॅक्सबीचं इम्प्लिमेंटेशन सापडलं नाही’. शुक्रवारी आपण फक्त एपीआयचा जार लावला होता. त्यात नुसत्या सह्या, म्हणजे कामांची नावं, आहेत, काम करणारा वेगळा. कंपायलरला सह्या पुरतात. ग्लासफिशचा रनटाइम, तोच २.३.१, ‘रनटाइम’ स्कोपनं लावला.

दुसरं: पासबुक प्रिंटर. कडेला लिहून ठेवलेला प्रश्न. जुन्या सर्व्हरवरच्या माणसाला फोनवर सांगून टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’ फोल्डरची यादी वाचायला लावली. तिथे निघाला तो जार, २०१७ मध्ये कुणीतरी हातानं टाकलेला. मागवून घेतला, नेक्ससवर चढवला, पॉममध्ये सरळ साध्या स्कोपनं लिहिला. डी ड्राइव्हवाल्या ओळी आता कायमच्या पुसल्या.

तिसऱ्यानं हसू आलं. खातेदारांच्या सहीचे नमुने डेटाबेसमध्ये बेस६४ करून ठेवलेत. उघडताना एरर: ‘बेकायदेशीर बेस६४ अक्षर डी.’ डी तर बेस६४ च्या अक्षरांत आहेच! ज्युनिअर आणि मी दोघंही त्या रकान्यात डी शोधत बसलो. डी म्हणजे अक्षर नव्हे, सोळाच्या पद्धतीतला तेरा, ओळ संपवणारं कॅरेज रिटर्न. जुना एन्कोडर दर ७६ अक्षरांनी नवी ओळ घालायचा आणि विंडोजवर ती ओळ तेरा-दहा अशा जोडीनं संपायची. नवा साधा डिकोडर ओळी खपवून घेत नाही. ‘माइम’ प्रकारचा घेतो, तो लावला. सह्या दिसल्या. एका आजींचा अंगठा आधी दिसला, मग बाकीच्यांच्या सह्या.

१२ जून, गुरुवार

पावती.

‘छापा’वर क्लिक केलं आणि जास्परची एरर: अमुक फॉन्ट जावाला उपलब्ध नाही. ३ तारखेची माझी नोंद वर आहेच: ‘एकही क्लास इम्पोर्ट केलेला नाही, वापरच नाही तर हवा कशाला.’ पावती-फॉन्ट १.० मध्ये क्लासच नाहीत. त्यात एक टीटीएफ (फॉन्टची फाइल), फॉन्टची माहिती देणारी एक एक्सएमएल आणि जास्परला ‘मी इथे आहे’ सांगणारी एक प्रॉपर्टीज फाइल. याला जास्परवाले फॉन्ट एक्स्टेन्शन म्हणतात. कंपायलरला हा दिसणारच नाही आणि अॅनलाइझ याला बिनकामाचा म्हणणारच.

तरी सरळ मार्गानं गेले नाही. जास्परला ‘न मिळालेला फॉन्ट सोडून दे’ असं सांगता येतं, ते सांगितलं. पावती आली, त्यावर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांची रांगोळी. म्हटलं नोटो सान्स देवनागरी लावू, फुकट आहे, चांगला आहे. तो लावला तरी तीच रांगोळी.

तेव्हा उलगडलं. पावतीचा साचा युनिकोडमध्ये नाहीच. जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये ‘क’चं चित्र कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फॉन्ट तोच असेल तर मराठी, नाहीतर रांगोळी. २०१७ मध्ये हे कशाला, असं मनात आलं आणि सरांना फोन लावला.

‘अगं, युनिकोडनं करून पाहिलं होतं मी. पीडीएफमध्ये ‘शिल्लक’ची वेलांटी ‘श’च्या पुढे जायची आणि ‘ल्ल’ तुटायचा. मॅनेजर म्हणाले लोक हसतील.’

सरांचं बरोबर होतं. आयटेक्स्ट २.१.७ ला देवनागरीची जोडणी करता येत नाही. मजकुरात अक्षरं ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं तो मांडत जातो. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर येते, छापताना ती आधी दिसायला हवी. जुन्या फॉन्टमध्ये माणूस टाइप करतानाच वेलांटी आधी मारतो, म्हणून तो बिनचूक छापला जातो. ज्याला मी अडगळ समजले होते तो तोडगा होता, आणि विचार करून काढलेला.

वॉरमधला पावती-फॉन्टचा जार काढला, चढवला, पॉममध्ये परत लिहिला. वर कॉमेंट: ‘यात क्लास नाहीत. काढू नका. पावती छापून पाहा.’

१३ जून, शुक्रवार

शेवटची तपासणी ज्युनिअरच्या लॅपटॉपवर, कारण माझ्या ‘.एमटू’त आता माझंही मीठ साठलंय. त्याचा ‘.एमटू’ फोल्डर दुसऱ्या नावानं बाजूला ठेवला, रिकाम्या घरात क्लोन केलं, बिल्ड मारलं. पहिल्याच फटक्यात ‘सापडला नाही’: नेक्ससचा पत्ता फक्त माझ्या सेटिंग्जमध्ये होता. तो कसा घालायचा ते प्रकल्पाच्या वाचा-आधी फाइलमध्ये लिहिलं. दुसऱ्या वेळी ९ मिनिटं ४० सेकंद, त्यातली बहुतेक उतरवण्यात, आणि हिरवं.

नव्या सर्व्हरवर चढवलं. पाच पावत्या छापून जुन्या पावत्यांवर ठेवून उजेडात धरल्या. वेलांट्या जागेवर.

संध्याकाळी सरांचा मेसेज: पेन ड्राइव्ह सापडला, पिग्मी-कॉमनचा सोर्स आहे, पण १.२ चा. ठेवून घेतला. १.३ मध्ये व्याजाच्या पद्धतीत काय बदललं ते जार उलगडून ताडून पाहायचंय. ते पुढच्या आठवड्यात, वेगळ्या बिलात.